यंत्र-लघुलेखनाच्या कोशातील चुकीच्या नोंदी : स्वरूप, परिणाम व शुद्धीकरणाची पद्धती

गोषवारा

यंत्र-लघुलेखनात लघुलेखकाने दाबलेल्या कळांचे शब्दांत रूपांतर संगणकातील कोशाच्या आधारे होते. या कोशात कालांतराने अनेक चुकीच्या नोंदी साठतात. त्यांतील काही अनवधानाने झालेल्या असतात, तर काही बोटांच्या नेहमीच्या चुका सावरण्यासाठी हेतुपुरस्सर केलेल्या असतात. प्रस्तुत लेखात अशा नोंदींचे प्रकार, त्यांची कारणे व परिणाम यांचे विवेचन केले असून कोशशुद्धीची एक क्रमवार पद्धती मांडली आहे. चुकीची नोंद सहज दिसणाऱ्या चुकीवर पांघरूण घालून तिला न दिसणारी चूक बनवते. म्हणून कोणती नोंद ठेवावी व कोणती काढावी याचा निर्णय अंतिम वाचकाला चूक ओळखता येईल की नाही या कसोटीवर घेतला पाहिजे, हे या लेखाचे मुख्य प्रतिपादन आहे.

महत्त्वाचे शब्द : यंत्र-लघुलेखन, आघात, कोश, नोंद, शब्दसीमा, शुद्धीकरण.

१. प्रस्तावना

लघुलेखन म्हटले की महाराष्ट्रातील वाचकाच्या डोळ्यांपुढे वही, शिसपेन्सिल आणि पिटमन पद्धतीच्या बारीक व जाड रेषा येतात. आयझॅक पिटमन यांनी १८३७ मध्ये आपली ध्वनीवर आधारलेली पद्धती प्रसिद्ध केली. तिच्या अभ्यासाची परंपरा आपल्याकडे दीर्घकाळ चालत आली असून महाराष्ट्र राज्य परीक्षा परिषदेमार्फत होणाऱ्या लघुलेखनाच्या परीक्षांमुळे ती अनेक विद्यार्थ्यांच्या परिचयाची आहे. या पद्धतीच्या विद्यार्थ्यालाही कोश लागतो. मात्र त्या कोशाचा उपयोग शब्दावरून रेखाकृती शोधण्यासाठी होतो. वेगाने लिहिलेली रेखाकृती नंतर वाचावयाची असते ती माणसालाच. एखादी रेषा जाड व्हावयाची ती बारीक राहिली, एखादा स्वर गळला, तरी अनुभवी लघुलेखक संदर्भावरून योग्य शब्द लावून घेतो.

यंत्र-लघुलेखनात याच्या उलट व्यवहार असतो. येथे कोश आघातावरून शब्द देतो आणि हे काम माणूस करीत नसून संगणक करतो. संगणकाला संदर्भ कळत नाही; कोशात जे लिहिले असेल तेच तो उमटवतो. त्यामुळे हस्तलिखित लघुलेखनात जी चूक वाचकाच्या विवेकाने सावरली जाते, ती यंत्र-लघुलेखनात कोशाच्या शुद्धतेवर अवलंबून राहते. कोशशुद्धीचा प्रश्न केवळ नीटनेटकेपणाचा नाही, तो येथून सुरू होतो.

२. यंत्राची रचना व कोशाचे कार्य

आजच्या लघुलेखन यंत्राचा मूळ आराखडा अमेरिकन न्यायालयीन लघुलेखक वॉर्ड स्टोन आयर्लंड यांनी विसाव्या शतकाच्या दुसऱ्या दशकात सिद्ध केला. या यंत्रावर नेहमीच्या टंकलेखन यंत्राप्रमाणे सर्व अक्षरे नसतात. इंग्रजी यंत्रावर अंकपट्टी वगळता २२ कळा असतात. डाव्या हाताच्या बोटांकडे शब्दावयवाच्या आरंभीची व्यंजने, अंगठ्यांकडे ए, ओ, ई, यू हे स्वर, उजव्या हाताच्या बोटांकडे शेवटची व्यंजने आणि मध्यभागी तारांकनाची कळ अशी ही मांडणी आहे. अनेक कळा एकाच वेळी दाबून एक 'आघात' होतो आणि सामान्यतः एका आघातात एक शब्दावयव नोंदला जातो. जी अक्षरे यंत्रावर नाहीत ती कळांच्या जोडीने साधली जातात. उदाहरणार्थ, डाव्या बाजूच्या टी व के एकत्र दाबल्यास 'ड', पी व डब्ल्यू एकत्र दाबल्यास 'ब', उजव्या बाजूच्या पी व बी एकत्र दाबल्यास शेवटचा 'न' होतो. उजव्या अंगठ्याने ई व यू या दोन्ही कळा एकदम दाबल्या की ऱ्हस्व 'इ' होतो.

कळा कोणत्याही क्रमाने दाबल्या तरी यंत्र त्या आपल्या ठरलेल्या क्रमानेच नोंदवते. के-ए-टी हा आघात कोशात 'कॅट' या शब्दापुढे असेल तर पडद्यावर 'कॅट' उमटते. आघात कोशात नसेल तर शब्दाऐवजी त्या कळांची अक्षरे जशीच्या तशी उमटतात. १९७० च्या दशकापासून हे रूपांतर संगणकाच्या साहाय्याने होऊ लागले आणि तेव्हापासून कोश हा लघुलेखकाच्या व्यवसायाचा कणा झाला.

कोशातील नोंद एका आघाताची असू शकते किंवा अनेक आघातांच्या साखळीचीही असू शकते. संगणक नुकत्याच मारलेल्या आघातांशी जुळणारी सर्वांत लांब साखळी कोशात शोधतो. म्हणजे दोन आघातांचे दोन स्वतंत्र शब्द कोशात असले, तरी त्या दोन आघातांची मिळून एखादी नोंद असेल तर संगणक तीच स्वीकारतो. पुढील विवेचनाच्या दृष्टीने हा नियम विशेष महत्त्वाचा आहे.

३. चुकीची नोंद का केली जाते

यंत्र-लघुलेखकाला मोठ्या वेगाने काम करावे लागते. अमेरिकेतील 'नॅशनल कोर्ट रिपोर्टर्स असोसिएशन' या संघटनेच्या 'रजिस्टर्ड प्रोफेशनल रिपोर्टर' परीक्षेत साक्षीच्या प्रश्नोत्तरांसाठी मिनिटाला २२५ शब्दांचा वेग आणि ९५ टक्के अचूकता अपेक्षित असते. पाच मिनिटांत ११२५ शब्द होतात. म्हणजे सेकंदाला जवळजवळ चार शब्द टिपावयाचे आणि उत्तीर्ण होण्यासाठी एकूण चुका ५६ च्या आत ठेवावयाच्या. या वेगात बोटे घसरणे स्वाभाविक आहे. उजव्या हाताच्या करंगळीकडेच टी, एस, डी व झेड अशा चार कळा असतात. टी दाबताना शेजारची डी दाबली जाणे, ई दाबताना अंगठा यूवरही टेकणे, दोन आघात एकमेकांत मिसळणे किंवा एखादी कळ पुरेशी न दाबली जाणे या नित्याच्या घटना आहेत.

अशा वेळी पडद्यावर निरर्थक अक्षरे उमटतात. लघुलेखकाच्या लक्षात येते की आपल्याला 'कॅट' लिहावयाचे होते, पण आघात के-ए-डी असा झाला. के-ए-डी या आघाताची जागा कोशात रिकामी आहे. मग तो के-ए-डी पुढेही 'कॅट' अशी नोंद करून टाकतो. पुढच्या वेळी तीच चूक झाली तरी शब्द बरोबर उमटेल, हा त्यामागील विचार असतो. प्रत्यक्ष प्रक्षेपणाची उपशीर्षके देणाऱ्या लघुलेखकाला हा उपाय फार मोलाचा वाटतो. कारण त्याने टिपलेला शब्द काही क्षणांतच श्रवणबाधित प्रेक्षकापर्यंत पोहोचतो आणि मागे जाऊन दुरुस्ती करण्यास त्याला उसंत नसते.

या सवयीला आळस म्हणणे अन्यायाचे होईल. ती व्यवसायाच्या गरजेतून आलेली आहे. परंतु प्रत्येक नोंद करताना डोळ्यांपुढे एकच वाक्य असते, तर नोंद मात्र पुढील सर्व वाक्यांना लागू होते. दोष या विसंगतीत आहे.

४. चुकीच्या नोंदींचे प्रकार

कोशातील सर्व चुका एकाच जातीच्या नसतात. त्यांचे पुढीलप्रमाणे वर्गीकरण करता येते.

(अ) चुकीच्या आघाताची नोंद : शब्द बरोबर, परंतु आघात घसरलेल्या बोटांचा. वर दिलेले के-ए-डी चे उदाहरण याच प्रकारचे आहे.

(आ) चुकीच्या वर्णलेखनाची नोंद : आघात बरोबर, परंतु शब्दाचे स्पेलिंग चुकलेले. इंग्रजीतील 'ॲकोमोडेट' या शब्दात दोन वेळा येणारा एम घाईत एकदाच लिहिला गेला, तर तो शब्द जेव्हा जेव्हा येईल तेव्हा तेव्हा अशुद्धच उमटेल. माणसाच्या हातून होणारी चूक कधी होते, कधी होत नाही. कोशातील चूक मात्र न चुकता होते.

(इ) समोच्चारित शब्दांची अदलाबदल : इंग्रजीत एकच उच्चार व भिन्न स्पेलिंग असणारे शब्द पुष्कळ आहेत. लघुलेखन पद्धतीत त्यांच्यासाठी निरनिराळे आघात ठरवलेले असतात. नोंद करताना एकाचा आघात दुसऱ्याच्या पुढे लिहिला गेला तर वाक्य वाचताना कानाला चूक जाणवत नाही, अर्थ मात्र बदलतो.

(ई) अस्थानी नोंद : एखाद्या खटल्यात ब्राउन नावाचे साक्षीदार असतील तर त्या आघातापुढे पहिले अक्षर मोठे असलेले विशेषनाम नोंदणे सोयीचे असते. पण ही नोंद त्या कामापुरत्या कोशात न करता मुख्य कोशात केली, तर पुढच्या खटल्यातील तपकिरी मोटारीचा रंगही मोठ्या अक्षराने उमटू लागतो. नोंद स्वतः चुकीची नसते. तिची जागा चुकलेली असते.

(उ) मृत नोंद : काही नोंदी यंत्रावर न मारता हाताने कोशात लिहिल्या जातात. 'डॉग' या शब्दाचा आघात टी-के-ओ-जी असा आहे. तो कोणी के-टी-ओ-जी असा लिहिला, तर यंत्र त्या क्रमाने कळा कधीच नोंदवणार नसल्यामुळे ती नोंद कायमची निरुपयोगी राहते. टी, एस, पी व आर या कळा दोन्ही बाजूंना असल्याने बाजूची खूण राहून जाण्याचाही संभव असतो. 'प्लोव्हर' या मुक्त प्रणालीच्या मूळ कोशात डावी टी म्हणजे 'इट' व उजवी टी म्हणजे 'द' असा भेद आहे. तेथे बाजूची खूण चुकली तर नोंद मृत राहत नाही, ती भलत्याच शब्दाची जागा घेते.

(ऊ) शब्दसीमा ओलांडणारी नोंद : दोन स्वतंत्र शब्दांच्या आघातांची साखळी एखाद्या तिसऱ्याच शब्दाच्या नोंदीशी जुळणे. हा प्रकार सर्वांत धोकादायक असल्याने त्याचा स्वतंत्र विचार पुढे केला आहे.

या सहा प्रकारांत एक गोष्ट मुद्दाम समाविष्ट केलेली नाही. एकाच शब्दासाठी अनेक आघात असणे ही चूक नव्हे. पूर्ण उच्चारानुसार एक आघात, संक्षेप म्हणून दुसरा, असे पर्याय उपयुक्त असतात. एकाच शब्दापुढे पाच नोंदी दिसल्या म्हणून त्यांतील चार काढून टाकणे हे शुद्धीकरण नसून नासधूस ठरेल.

५. उघडी चूक व झाकलेली चूक

चुकीच्या नोंदीचा परिणाम समजण्यासाठी एक उदाहरण तपशिलाने पाहू. एखाद्या कोशात 'कॅन्सर' या शब्दासाठी के-ए-पी-बी / एस-ई-आर असे दोन आघात आहेत असे मानू. वैद्यकीय साक्ष टिपताना लघुलेखकाचा उजवा अंगठा ई बरोबर यूवरही टेकला आणि दुसरा आघात एस-ई-यू-आर असा झाला. पडद्यावर 'कॅन सर' असे दोन शब्द उमटले. वैद्यकीय साक्षीत हे शब्द इतके विसंगत दिसतात की चूक लगेच लक्षात येते. लघुलेखकाने के-ए-पी-बी / एस-ई-यू-आर या साखळीपुढेही 'कॅन्सर' अशी नोंद केली आणि प्रश्न मिटला असे मानले.

काही महिन्यांनी दुसऱ्या खटल्यात साक्षीदार म्हणतो, 'मला जमेल तेवढे सांगतो, साहेब.' इंग्रजीत या वाक्याचा शेवट 'कॅन, सर' असा होतो. लघुलेखक अगदी अचूक आघात मारतो. मध्ये स्वल्पविरामाचा आघात मारला असता तर साखळी तुटली असती, पण वेगात तो राहून जातो. सर्वांत लांब साखळी घेण्याच्या नियमानुसार संगणक 'कॅन' पुसतो आणि 'कॅन्सर' उमटवतो. या वेळी बोटांची काहीच चूक नसते. पूर्वी एकदा झालेल्या चुकीची नोंद आता बरोबर लेखनाला चुकीचे करते.

या उदाहरणावरून दोन प्रकारच्या चुकांमधील भेद स्पष्ट होतो. कोशात नसलेल्या आघाताची निरर्थक अक्षरे ही 'उघडी चूक' होय. ती कुरूप असते, पण स्वतःचे अस्तित्व सांगते. वाचणारा थांबतो, प्रतिलेख तपासणारा ध्वनिमुद्रण ऐकतो आणि दुरुस्ती होते. याउलट, शुद्ध लिहिलेला परंतु चुकीचा शब्द ही 'झाकलेली चूक' होय. स्पेलिंग तपासणारी संगणकीय साधने तिला अडवत नाहीत, कारण तो शब्द भाषेत अस्तित्वात असतो. चुकीच्या आघाताच्या नोंदी वाढत जातात तसतशी उघड्या चुकांची संख्या घटते आणि लघुलेखकाला आपले काम सुधारल्यासारखे वाटते. प्रत्यक्षात त्यांतील काही चुका फक्त झाकल्या गेलेल्या असतात.

न्यायालयीन कामात झाकलेली चूक पकडण्याची काही सोय असते. प्रतिलेख नंतर वाचला जातो, ध्वनिमुद्रण असल्यास ताडून पाहता येते, पक्षकारांचे वकील आक्षेप घेऊ शकतात. वर्गात बसलेल्या श्रवणबाधित विद्यार्थ्याची स्थिती वेगळी आहे. अमेरिकेत १९९० मध्ये अपंग व्यक्तींच्या हक्कांविषयीचा कायदा झाला. श्रवणबाधितांना भाषण तत्काळ लिखित रूपात उपलब्ध करून देणारी सेवा त्या कायद्याखाली मागता येते. अभियांत्रिकीच्या तासाला प्राध्यापक संगणकीय आरेखनाविषयी बोलताना 'कॅड' म्हणतात. लघुलेखक के-ए-डी हाच योग्य आघात मारतो आणि जुन्या नोंदीमुळे पडद्यावर 'कॅट' येते. ऐकू येणाऱ्या विद्यार्थ्याला ही चूक हास्यास्पद वाटेल. ज्याला फक्त पडद्यावरचा मजकूरच उपलब्ध आहे त्याला मात्र ताडून पाहण्यासाठी दुसरे काहीच नसते. के-ए-डी अशी नुसती अक्षरे उमटली असती तर येथे काहीतरी राहिले आहे हे त्याला कळले असते व त्याने विचारले असते. शुद्ध दिसणारा शब्द त्याच्याकडून विचारण्याची ही संधीही काढून घेतो.

६. खासगी कोश सार्वजनिक होतो तेव्हा

व्यावसायिक लघुलेखकाचा कोश ही त्याची वैयक्तिक मिळकत असते. वर्षानुवर्षे वाढवलेल्या या कोशातील चुकीच्या आघातांच्या नोंदी त्याच्याच बोटांच्या सवयींतून आलेल्या असतात. त्या कोठे उपयोगी व कोठे घातक हे त्याला अनुभवाने ठाऊक असते. कोश एकाच्या हातून दुसऱ्याच्या हाती गेला की ही जाण सोबत जात नाही.

'प्लोव्हर' प्रणालीच्या बाबतीत हे ठळकपणे दिसते. व्यावसायिक लघुलेखन प्रणाली महाग असल्याने नवशिक्यांना त्या परवडत नाहीत, ही अडचण ओळखून न्यूयॉर्कमधील उपशीर्षक-लघुलेखिका मीराबाई नाइट यांनी संगणकतज्ज्ञ जोशुआ लिफ्टन यांच्या सहकार्याने ही मुक्त प्रणाली सुरू केली. तिची पहिली आवृत्ती २०१० मध्ये उपलब्ध झाली. प्रणालीसोबत दिला जाणारा मुख्य कोश नाइट यांच्या स्वतःच्या व्यावसायिक कोशातून आलेला असून त्यात एक लाखाहून अधिक नोंदी आहेत. हजारो रुपयांचे साधन घेऊ न शकणाऱ्या विद्यार्थ्याला एवढा समृद्ध कोश विनामूल्य मिळणे ही मोठीच उपलब्धी होय.

परंतु त्याच कोशात एका अनुभवी हाताच्या घसरणींची तरतूदही आली. नवशिका एखाद्या शब्दाचा आघात शोधतो तेव्हा त्याला यादीत अनेक आघात दिसतात. त्यांतील शास्त्रशुद्ध आघात कोणता, सोयीचा संक्षेप कोणता आणि केवळ चूक सावरण्यासाठी केलेली नोंद कोणती, हे यादी सांगत नाही. शिवाय त्याने चुकीचा आघात मारला तरी पडद्यावर शब्द बरोबर उमटतो. सरावात चूक दाखवून देणारा शिक्षक म्हणजे पडदाच. आणि तोच 'बरोबर' म्हणतो. चुकीची सवय हातात मुरते. म्हणून या मुक्त समुदायात चुकीच्या आघातांच्या याद्या वेगळ्या काढण्याचे प्रयत्न झाले. 'लॅपविंग' सारख्या नव्या पद्धतींनी अधिक सुसंगत नियमांवर आपले स्वतंत्र कोशही तयार केले.

७. शुद्धीकरणाची पद्धती

लाखभर नोंदी एकेक करून वाचणे व्यवहार्य नाही. त्यामुळे संशयास्पद नोंदी संगणकाने वेगळ्या काढाव्यात व निर्णय माणसाने घ्यावा, अशी विभागणी योग्य ठरते. पुढील क्रम उपयुक्त आहे.

पहिली पायरी, मूळ प्रत जतन करणे. कोणताही बदल करण्यापूर्वी कोशाची दिनांकित प्रत ठेवावी आणि प्रत्येक बदलाचे कारण एका वाक्यात लिहावे. सहा महिन्यांनी एखादी नोंद का काढली हे आठवत नाही व तीच पुन्हा केली जाते, असा अनुभव टाळण्यासाठी हे आवश्यक आहे.

दुसरी पायरी, यांत्रिक चुका काढणे. यंत्राच्या क्रमात न बसणारे आघात संगणकाला नेमके शोधता येतात. एकच आघात कोशाच्या संचिकेत दोनदा आला आहे का हेही याच वेळी पाहावे. प्लोव्हरचा कोश 'जेसन' स्वरूपात असतो व प्रणाली पायथॉन भाषेत लिहिलेली आहे. या भाषेच्या प्रमाणित वाचकाला एकच आघात दोनदा आढळल्यास तो सूचना न देता शेवटची नोंद घेतो. अशी पहिली नोंद कोशात दिसते, पण कधीच उमटत नाही.

तिसरी पायरी, शब्दांची तपासणी. कोशातील सर्व शब्द प्रमाण शब्दसूचीशी ताडून पाहावेत. सूचीत नसलेला प्रत्येक शब्द चुकीचा नसतो. त्यांत विशेषनामे, औषधांची नावे, पारिभाषिक संज्ञा असतात. म्हणून ही यादी माणसाने वाचावी. याच वेळी अस्थानी विशेषनामे कामापुरत्या कोशात हलवता येतात.

चौथी पायरी, शब्दसीमांची तपासणी. अनेक आघातांची प्रत्येक नोंद तिच्या प्रत्येक जोडावर तोडून पाहावी. दोन्ही तुकडे कोशात स्वतंत्र शब्द म्हणून असतील तर ती नोंद संशयित मानावी. नंतर ते दोन शब्द त्याच क्रमाने शेजारी येतात का हे प्रत्यक्ष मजकुरात, शक्य तर लघुलेखकाच्या स्वतःच्या जुन्या प्रतिलेखांत, शोधावे. 'कॅन' व 'सर' शेजारी येतात. म्हणून त्यांची साखळी 'कॅन्सर' ला देता येत नाही. एस-ई-आर हा तुकडा स्वतंत्र शब्द नसेल तर मूळची नोंद मात्र निर्धोक राहते.

पाचवी पायरी, वापराची साक्ष. बहुतेक प्रणालींत आघातांची दैनंदिन नोंदवही ठेवता येते. तारांकनाची कळ मागील आघात रद्द करते. एखादी नोंद उमटल्यानंतर लगेच तारांकन येण्याचे प्रमाण मोठे असेल, तर ती नको असताना उमटते असे समजावे. दीर्घकाळात एकदाही न वापरलेली चुकीच्या आघाताची नोंद ठेवण्यास सबळ कारण उरत नाही.

सहावी पायरी, निर्णय. प्रत्येक संशयित नोंदीबाबत चार पर्याय असतात : काढणे, दुरुस्त करणे, वेगळ्या कोशात हलवणे किंवा ठेवणे. प्लोव्हरमध्ये एकाहून अधिक कोश प्राधान्यक्रमाने वापरता येतात व त्यांतील एखादा बंदही ठेवता येतो. त्यामुळे चुकीच्या आघातांच्या निरुपद्रवी नोंदींचा वेगळा कोश करणे हा उत्तम मध्यममार्ग आहे. सरावाच्या वेळी तो बंद ठेवावा, म्हणजे चुका उघड होतील. प्रत्यक्ष उपशीर्षकांच्या वेळी तो सुरू करावा, म्हणजे प्रेक्षकाला अडथळा होणार नाही. शब्दसीमा ओलांडणाऱ्या नोंदींना मात्र या वेगळ्या कोशातही जागा देऊ नये.

८. मर्यादा व आक्षेप

सर्व संघर्ष नोंदी काढून मिटत नाहीत. इंग्रजीत 'अपार्ट' हा एक शब्द आणि 'अ पार्ट' हे दोन शब्द दोन्ही शुद्ध व नित्याचे आहेत. येथे चुकीची नोंद कोणतीच नाही. आघातांची वाटणी स्पष्ट नसणे एवढाच दोष असतो. प्लोव्हरच्या पद्धतीत 'अ' या उपपदासाठी ए-ई-यू हा आघात वापरला जातो. त्यामुळे नुसती ए ही कळ 'अपार्ट' च्या पहिल्या शब्दावयवासाठी मोकळी राहते. असा प्रश्न कोशशुद्धीने सुटत नाही, लेखनपद्धतीत भेद निर्माण करूनच सुटतो. तसा भेद स्वीकारणे म्हणजे हाताला नवी सवय लावणे होय आणि त्यास वेळ द्यावा लागतो.

दुसरा आक्षेप अधिक व्यावहारिक आहे. सार्वजनिक कोशातील नोंद काढली तर तिच्यावर विसंबलेल्यांचे काय? एकासाठी जी चूक, ती दुसऱ्याच्या हाताला बसलेली रीत असू शकते. नोंद अचानक नाहीशी झाल्यास त्याच्या चालू कामात निरर्थक अक्षरे उमटू लागतील. हा आक्षेप रास्त आहे. म्हणून सार्वजनिक कोशात नोंद थेट न पुसता ती वेगळ्या कोशात हलवावी, बदलांची यादी प्रसिद्ध करावी आणि ज्याला हवे त्याला जुनी नोंद परत घेता यावी. वैयक्तिक कोशात मालकाचा शब्द अखेरचा असतो. सार्वजनिक कोशात प्रत्येक नोंदीला कारण सांगता आले पाहिजे.

९. मराठीच्या संदर्भात

मराठीसाठी आघातांचा कोश करावयाचा झाल्यास हे विवेचन आरंभापासूनच लक्षात घ्यावे लागेल. मराठीत प्रत्यय व शब्दयोगी अव्यये शब्दाला जोडून लिहिली जातात, तर त्यांच्याशी ध्वनिसाम्य असलेले स्वतंत्र शब्दही आहेत. 'ती न सांगता गेली' हे साधे वाक्य घेतले तरी 'ती' व 'न' या दोन आघातांची साखळी 'तीन' या संख्यावाचक शब्दाशी जुळते आणि 'तीन सांगता गेली' असे उमटू शकते. 'तीन' हा शब्द एकाच आघातात बसवावा व दोन आघातांची नोंद त्याला देऊ नये, असा नियम आधीच केला तर हा घोटाळा उद्भवणार नाही. सीमेचे असे नियम पहिल्या हजार नोंदींच्या वेळी ठरवणे सोपे असते. लाखभर नोंदी झाल्यावर तेच काम वर्षानुवर्षे चालते.

१०. समारोप

यंत्र-लघुलेखनाच्या कोशातील बहुतेक चुकीच्या नोंदी सद्हेतूने झालेल्या असतात. समोरचे वाक्य वाचवावे, प्रेक्षकाला अडथळा होऊ नये, हाच त्यांमागील उद्देश असतो. परंतु प्रत्येक अशी नोंद पुढील अनोळखी वाक्याच्या वाटेतही उभी राहते. म्हणून कोशशुद्धी करताना 'ही नोंद मला किती वेळा वाचवते?' एवढा एकच प्रश्न पुरेसा नाही. 'ही नोंद चुकीच्या जागी उमटली, तर वाचणाऱ्याला ते कळेल काय?' हा दुसरा प्रश्नही विचारला पाहिजे. ज्या नोंदीबाबत दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर नकारार्थी येते, ती कितीही सोयीची असली तरी काढून टाकणे इष्ट. तिच्या जागी उमटणारी निरर्थक अक्षरे लघुलेखकाला संकोचात टाकतील. परंतु ज्याच्या हाती फक्त मजकूर आहे त्याची त्यामुळे दिशाभूल होणार नाही.